बिबट्यासाठी प्लेलिस्ट

“संध्याकाळी शेतातून येताना मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावा, असं वनखात्यानं सांगितलंय.”

“कुठली?”

“काय कुठली?”

“गाणी रे. कुठली लावायची ते नाही सांगितलं?”

झालं. नारायणगावच्या एसटी स्टँडजवळच्या टपरीवर पुढचा पाऊण तास फक्त बिबट्यासाठी प्लेलिस्ट बनत होती. ‘झिंगाट’ नको, तो नाचत जवळ येईल. अरिजित तर अजिबात नको, तिथंच बसून रडत राहील, जाणारच नाही. मग एकानं सुचवलं, आरती लावू. त्यावर दुसरा म्हणाला, आरती लावलीस तर तो संपेपर्यंत शांत उभा राहील, पण प्रसाद घेतल्याशिवाय हलणार नाही. “प्रसाद कुठून आणायचा?” “तूच की.” शेवटी फार्मसीला असलेल्या मैत्रिणीनं खरा प्रॉब्लेम सांगितला. तिच्याकडं फुकटवालं अ‍ॅप आहे. दोन गाण्यांनंतर जाहिरात लागते. समोर बिबट्या, आणि फोनमधली बाई गोड आवाजात विचारतेय, जाहिरातींशिवाय गाणी ऐकायचीत का?

तुम्ही पुण्या-मुंबईत राहत असाल तर तुम्हाला वाटेल, ही पोरं फारच फेकतायत. प्लेलिस्टचं सोडा, पण बाकी यात फेकाफेकी काहीच नाही. जुन्नर तालुक्यात ऊस आहे, उसात बिबटे आहेत. पकडलेल्या आणि जखमी बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र आहे. ‘अंधारात एकट्यानं फिरू नका’ हे फलक रस्त्याकडेला दिसतात. (“या बोर्डाला माझी जेवढी काळजी आहे तेवढी अख्ख्या भावकीत कुणाला नाही,” असं आमच्यातला एक जण म्हणतो.) गावात कुणाचं वासरू गेलं, कुणाचं कुत्रं गेलं, आणि कधी त्याहून वाईट बातमी आली, की त्या दिवशी टपरीवर कुणी बिबट्याचं नाव काढत नाही. दोन दिवसांनी काढतो, आणि मग हसतो. तुमच्याकडं लोकल चुकण्यावर जोक होतात, आमच्याकडं हे.

मी सध्या वर्तमानपत्रात इंटर्नशिप करतेय. “तुमच्या वयाच्या मुलांच्या गप्पांवर काहीतरी लिही,” असं मला सांगितलं गेलं. मला वाटलं, सोप्पंय. आपला कट्टा आहेच. रविवारी गावी जायचं, फोन रेकॉर्डिंगला लावायचा, येऊन उतरवून काढायचं. पान तयार.

सगळ्यांना विचारून रेकॉर्डिंग केलं. करून बघा एकदा, म्हणजे कळेल काय होतं ते. पहिली वीस मिनिटं चौघंही मुलाखतीला आल्यासारखे बोलत होते. एक जण चक्क “आजच्या तरुणाईला असं वाटतं की...” म्हणाला. तो आयुष्यात कधी ‘तरुणाई’ म्हणालेला नाही. जोक मारला की मारणारा आधी फोनकडं बघायचा. मग चहा आला, फोन विसरला गेला आणि गाडी रुळावर आली. पण घरी येऊन ऐकलं तेव्हा अजून वाईट वाटलं. आम्ही जिथं पोट धरून हसलो होतो तिथं रेकॉर्डिंगमध्ये फक्त “अरे ते आपलं...”, “हा हा तेच ते!” आणि मग नुसता गोंधळ. विषय कुठून सुरू झाला आणि कुठं गेला, काही पत्ता नाही. पासबुकवरच्या फोटोवरून सलमान, सलमानवरून एकाच्या मामाचं लग्न, तिथून जिलबीत पाक किती असावा, तिथून थेट ब्लॅक होल.

ब्लॅक होलचं नवल नाही. आमच्यातला एक जण खोडदचा आहे. खोडदला काय आहे हे तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचलं असेल: जीएमआरटी, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली ही दुर्बीण बघायला विज्ञान दिनाच्या सुमारास शाळांच्या शाळा येतात. २०२३ च्या जानेवारीत बातमी आली होती की या दुर्बिणीनं एका दीर्घिकेतल्या हायड्रोजनचा संदेश टिपला, जो तिथून ८.८ अब्ज वर्षांपूर्वी निघाला होता. खोडदवाल्यानं हे फार अभिमानानं सांगितलं.

“एवढ्या जुन्या गोष्टी ऐकू येतात?”

“मग!”

“काय विशेष नाय. मी सातवीत लोणच्याची बरणी फोडली होती, तिचा आवाज आईला अजून ऐकू येतो.”

आणि गंमत म्हणजे आमच्या गावाजवळ आर्वी पण आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला परदेशाशी उपग्रहामार्फत बोलण्यासाठी देशातलं पहिलं भूकेंद्र तिथं उभं राहिलं, विक्रम साराभाईंच्या नावानं. म्हणजे बघा, इंग्लंड-अमेरिकेतल्या पोराशी “जेवलास का?” हे बोलणं आमच्या उसा-कांद्यांच्या डोक्यावरून अवकाशात जात होतं. खोडदला ऐकायची सोय, आर्वीला बोलायची सोय. आणि मध्ये नारायणगाव. इथं काय आहे? इथं तमाशा आहे.

इथं मला या लेखाचा विषय सापडला. अर्थात मी शोधला नव्हता. रेकॉर्डिंगमधलं काहीच हाताला लागत नाही म्हणून मी वैतागून बसले होते, तेव्हा घरातल्या एका मोठ्या माणसानं कानाला फोन लावून पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, “ही तर बतावणी चाललीय तुमची.”

‘बतावणी’ हा शब्द मी रोज टाईप करते. क्राइमच्या बातमीत. ‘पोलीस असल्याची बतावणी करून वृद्धेचे दागिने लंपास.’ बतावणी म्हणजे खोटं सोंग, एवढंच मला माहीत होतं. मास कॉमची डिग्री, नारायणगावचा पत्ता, आणि तमाशातल्या बतावणीबद्दल शून्य माहिती. आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांचं असंच असेल, म्हणून थोडं सांगते.

ढोलकी फडाच्या तमाशाला एक क्रम असतो. आधी गण, म्हणजे गणपतीला नमन. मग गवळण: मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांची वाट अडवणारा कृष्ण, त्याचा दोस्त पेंद्या, आणि गवळणींची म्होरकी मावशी. मावशीचं काम पुरुष करतो आणि सगळ्यात जास्त टाळ्या घेऊन जातो. मग बतावणी. त्यानंतर लावण्या-रंगबाजी आणि शेवटी वग, म्हणजे गोष्ट असलेलं नाटक. यातल्या बतावणीला गोष्ट नसते. दोन-तीन जण उभे राहतात आणि बोलतात. कशाबद्दल? कशाहीबद्दल. त्या गावचा रस्ता, त्या गावचे पुढारी, सध्या चालू असलेला सिनेमा, महागाई, बायको, देव. लिहिलेलं फारसं नसतं. फड संध्याकाळी गावात उतरला की कलाकार चहा पिता पिता गावाची खबर काढतात आणि रात्री तीच स्टेजवरून परत गावाला ऐकवतात.

आता तुम्ही म्हणाल, हे तर स्टँड-अप झालं. नाही, आणि फरक इथंच आहे. स्टँड-अपला एक माणूस, एक माईक. बतावणीला किमान दोन माणसं लागतात. एक सोंगाड्या, जो प्रत्येक गोष्ट चुकीची ऐकतो, उलटी समजतो, भलतीकडं नेतो. आणि दुसरा सरळ माणूस, कधी सरदार, कधी शाहीर, कधी नाईक. तो गंभीर चेहऱ्यानं विचारत राहतो. “म्हणजे?” “बरं, मग?” “अरे, मी काय विचारतोय, तू काय सांगतोयस?” समजा सरदारानं विचारलं, “अरे, तुला गावात काही किंमत आहे का?” तर सोंगाड्या सांगणार, “आहे की, कॅरेटला ऐंशी रुपये.” हसतात सोंगाड्याला. पण सरदारानं तो प्रश्न तितक्याच गांभीर्यानं विचारला नाही, तर पुढचं वाक्य कोसळतं. सरदार हसला तर खेळ संपला.

हे कळल्यावर मी आमचं रेकॉर्डिंग परत ऐकलं. आणि पहिल्यांदाच मला कळलं की त्यात काय नाहीये.

त्याआधी नारायणगावचं थोडं. आमच्या गावाला ‘तमाशापंढरी’ म्हणतात. दसऱ्याला फड बाहेर पडतात, पण खरा मोसम चैत्रातल्या यात्रांचा. त्यासाठी गुढीपाडव्याच्या आधीपासून इथं फडांच्या राहुट्या लागतात. राहुटी म्हणजे त्या फडाचं तात्पुरतं ऑफिस: बाहेर फडाच्या नावाचा मोठा बोर्ड, आत गादी, वही, फोन आणि तारखांचा तक्ता. गावोगावच्या यात्रा कमिट्यांची माणसं जीप करून येतात, या राहुटीतून त्या राहुटीत फिरतात, घासाघीस करतात आणि सुपारी देऊन जातात. लहानपणी शाळेतून येताना आम्ही त्या बोर्डांवरची नावं मोठ्यानं वाचायचो. त्यातलं एक नाव आमच्या गावाचंच होतं: विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. २००२ साली त्या गेल्या, म्हणजे मी त्यांना बघणं शक्यच नव्हतं. पण पोटुशी असताना त्या नाचत होत्या, खेळ चालू असताना मागं जाऊन बाळंत झाल्या आणि परत स्टेजवर आल्या, ही गोष्ट नारायणगावच्या पोरांना बाराखडीबरोबरच कळते. त्यांच्या नावानं राज्य सरकार तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं.

२०२० सालचा गुढीपाडवा २५ मार्चला होता. देशभराचा लॉकडाऊन सुरू झाला तो हाच दिवस. ज्या दिवशी राहुट्यांमध्ये पाय ठेवायला जागा नसते, त्या दिवशी रस्त्यावर कुणी नव्हतं. पुढच्या वर्षीही यात्रा बंदच. आम्ही तेव्हा शाळा-ज्युनिअर कॉलेजच्या ऑनलाईन लेक्चरमध्ये म्यूटवर बसलो होतो आणि ग्रुपवर मीम टाकत होतो. फडातल्या माणसांनी ती दोन वर्षं कशी काढली असतील, हा प्रश्न तेव्हा आमच्या डोक्यात आलाही नाही. कुणाच्या तरी गप्पांवर कुणाचं तरी पोट असतं, हे आम्हाला फक्त यूट्यूबवाल्यांबद्दल माहीत होतं.

फड परत सुरू झाले, पण बतावणीची अडचण त्याच्या आधीपासूनची आहे. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद, हा नियम. तो चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. डीजेच्या शेजारी राहून बघा. पण पूर्वी जो खेळ उजाडेपर्यंत चालायचा तो आता काही तासांत बसवावा लागतो. समोरून फर्माईश येते ती सिनेमातल्या गाण्यांची. मग कापायचं काय? गाणं कापलं तर लोक खुर्च्या फेकतात. बतावणी कापली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. नुसत्या बोलण्याला काही ‘होत’ नसतं ना. वेळ कमी पडला की पहिली कात्री गप्पांना लागते. हे स्टेजवरही आणि आपल्याकडंही.

तसं बघितलं तर गप्पांना मार्केट कधी नव्हे एवढं आहे. ‘फ्रेंड्स’ हे १९९४ ते २००४ असे दहा सीझन एका कॉफी शॉपच्या सोफ्यावर बसून चाललं. ते आपल्यातल्या अनेकांच्या जन्माआधीचं आहे आणि तरी आपण जेवताना लावतो. ‘साइनफेल्ड’ तर ‘कशाबद्दलच नसलेली मालिका’ म्हणूनच ओळखली जाते. मराठीत २०१५ ला ‘दिल दोस्ती दुनियादारी’ आली, तिच्यातलंही आपल्याला आवडलं ते एका घरातल्या सहा जणांचं टाईमपास बोलणं. ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’चे तुकडे आमच्या घरात तीन पिढ्या तीन वेगवेगळ्या फोनवर एकाच वेळी बघतात. आणि पॉडकास्ट! दोन माणसं, दोन मोठे माईक, दोन तास. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये दादा कोंडके चालू घडामोडींवर रोज वेगळं काहीतरी टाकायचे, म्हणून लोक तेच नाटक परत परत बघायला जायचे, त्याचे दीड हजारांवर प्रयोग झाले. ते बतावणीचंच नाट्यगृहात आलेलं भावंड. (सबनीस म्हटल्यावर आमच्यातला एक जण छाती फुगवून म्हणाला, “म्हणजे आपल्या शाळेचे!” आमच्या शाळेचं नाव सबनीस विद्यामंदिर. ते रा. प. सबनीस गुरुजी वेगळे आणि हे वसंत सबनीस वेगळे, हे सांगायला दहा मिनिटं लागली. त्याला अजून पटलेलं नाही.)

पण दुसऱ्यांच्या गप्पा ऐकणं वेगळं. त्यात तुम्हाला कुणी “म्हणजे?” असं विचारत नाही.

आमच्या कट्ट्यावर हे विचारणारा एक जण होता. एमपीएससी करतो. साधं काही सांगितलं तरी त्याचा पहिला प्रश्न, “कुठल्या साली?” दुसरा, “कुणी सांगितलं?” तिसरा, “म्हणजे नक्की काय?” आम्ही त्याला जाम वैतागायचो. बिबट्याच्या प्लेलिस्टमध्येही ‘काय कुठली?’ असं विचारणारा तोच. तो गेल्या वर्षी अभ्यासिका लावून पुण्यात राहायला गेला. आम्ही म्हटलं, सुटलो. प्लेलिस्टवाल्या रविवारी तो आला होता, पण मी रेकॉर्डिंग केलं त्या दिवशी नव्हता.

तर रेकॉर्डिंगमध्ये काय आहे ते सांगते. पाऊण तासानंतर आमचा टोमॅटोवाला बोलायला लागतो. याच्या घरी टोमॅटो असतो. नारायणगावचं टोमॅटो मार्केट तुम्ही ऐकून असाल, सीझनला इथून ट्रकच्या ट्रक भरून राज्याबाहेर जातात. २०२३ च्या जुलैत वीस किलोच्या कॅरेटला दोन हजारांच्या पुढं भाव गेला होता. आपल्या तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं महिन्याभरात कोटीच्या वर कमावले, ही बातमी देशभर चालली. तेव्हा टोमॅटोवाला कट्ट्यावर राजा होता. “चहा सांगा रे सगळ्यांना, क्रीमरोल पण घ्या.” दिल्लीतल्या कुठल्या तरी चॅनेलवर टोमॅटोला बाउन्सर ठेवल्याचं दाखवलं तर हा म्हणाला, “आमच्याकडं आजी आहे. बाउन्सरपेक्षा स्वस्त, आणि मारते पण जास्त.” मग काही आठवड्यांत भाव आपटले. टोमॅटोचं हे असंच असतं; सगळे बघून लावतात आणि सगळ्यांचा माल एकदम येतो.

रेकॉर्डिंगमध्ये त्याचा आवाज येतो:

“यंदा टोमॅटोनं आपल्याला जमिनीवर आणलं. बाकी टोमॅटो पण जमिनीवरच आहेत.”

हशा.

“पप्पा म्हणले, तोडायची मजुरी निघत नाय, ऱ्हाऊ दे झाडालाच. झाडं एवढी खूश, म्हणली पहिल्यांदाच कुणीतरी आम्हाला ठेवून घेतलं.”

परत हशा. माझा सगळ्यात मोठा.

“आता मी पण झाडालाच ऱ्हाणार. कॉलेज-बिलेज बघू.”

हशा. आणि लगेच फार्मसीवाली म्हणते, “ए, ते नवीन ट्रेलर बघितलं का?” पुढचे बारा मिनिटं ट्रेलर.

मी हे तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना कानात इअरफोन होते, पीएमपीएमएलच्या बसमध्ये उभी होते, आणि मला एकदम गरगरल्यासारखं झालं. त्यानं सांगितलं होतं. चार जणांसमोर, चहा हातात घेऊन, स्वच्छ सांगितलं होतं. फी भरायची तारीख होऊन गेली होती. तो एम.एस्सी. सोडत होता. आम्ही चौघं जण टाळ्या देऊन मोकळे झालो. सोंगाड्या बोलला आणि समोर सरदारच नव्हता. “म्हणजे?” असं म्हणणारं कुणी नव्हतं.

मुलगी म्हणून मला अजून एक गोष्ट खटकली. सात वाजले की मला आणि फार्मसीवालीला घरून फोन येतात. कारण कधी बिबट्या, कधी ‘लोकं’. (दोन्हींत जास्त धोकादायक कोण, यावर आमचा एक वेगळा सेशन झालेला आहे.) मुलं नंतर दीड तास बसतात. त्या दीड तासात खरं बोलणं होत असेल, अशी आम्हा दोघींची समजूत होती. आमच्यासमोर नुसता टाईमपास, आम्ही गेल्यावर ‘मनातलं’. खोडदवाल्याला विचारलं. तो म्हणाला, “छे. तुम्ही गेल्यावर आम्ही फोन बघतो.” मग आम्हा मुलींचं मनातलं बोलणं तरी कुठं होतं? आठवून बघितलं. एसटीत. नारायणगाव-जुन्नर गाडीत, उभ्यानं, दांड्याला लटकून, पुढच्या बाईच्या पिशवीतल्या मेथीचा वास घेत. गवळणीही शेवटी बाजाराला जातानाच बोलतात की. त्यांना कट्टा नव्हता, रस्ता होता.

आता तुम्ही विचाराल, पुढं काय केलंस? मी काही फार हुशारी केली नाही. आधी टोमॅटोवाल्याला मेसेज टाकला, ‘सगळं ओके ना?’ त्याचं उत्तर, एक टोमॅटोचा इमोजी आणि थम्ब्ज अप. मेसेजवर सोंगाड्याला पकडणं अशक्य आहे, त्याला इमोजी असतात. मग एमपीएससीवाल्याला रेकॉर्डिंगचा तो तुकडा पाठवला. त्यानं अर्ध्या तासानं फोन केला. पहिला प्रश्न, “ही कुठल्या तारखेची क्लिप आहे?” दुसरा, “फी किती बाकी आहे?” मला माहीत नव्हतं. “मग तू काय पत्रकारिता करते गं?” म्हणाला आणि ठेवला.

पुढच्या रविवारी तो सकाळच्या गाडीनं गावी आला. बायपास झाल्यापासून बऱ्याच गाड्या बाहेरूनच जातात, त्यामुळं तो हायवेला उतरून चालत आला, आणि आल्या आल्या त्यावर दहा मिनिटं बडबडला. चहा आला. कुणीच विषय काढेना. क्रिकेट झालं, एकाच्या बहिणीच्या प्री-वेडिंग शूटमधला घोडा कसा पळाला ते झालं. मी मुद्दाम फोन पिशवीत ठेवला होता, तरी दोघांनी विचारलं, “आज रेकॉर्डिंग नाही ना?” मग टोमॅटोवाल्यानंच नेहमीसारखं सोडलं, “आपलं काय, आपण आता फुलटाईम शेतकरी. प्लेसमेंट घरच्या घरी.”

आम्ही हसायला तोंड उघडलं.

“म्हणजे?” एमपीएससीवाला म्हणाला. चेहरा अगदी कोरा.

“म्हणजे काय म्हणजे? टोमॅटोशी मुलाखत झाली. सिलेक्ट झालो.”

“पॅकेज?”

“उणे.”

“उणे किती?”

टोमॅटोवाल्यानं ग्लास खाली ठेवला. “मजाक करतो रे.”

“मी नाय करत. उणे किती?”

थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. टपरीवाल्या काकांनी स्टोव्हचा आवाज कमी केला की मला तसं वाटलं, माहीत नाही. मग त्यानं आकडा सांगितला. औषधांच्या दुकानाची उधारी किती, मल्चिंगचं आणि तारेचं किती, बँकेचं किती. एकेक, वहीतून वाचल्यासारखा. आकडा मी इथं लिहिणार नाही. एमपीएससीवाला मध्ये मध्ये विचारत होता, “ही गेल्या साली की यंदा?”, “व्याज धरून की सोडून?” जसा नेहमी विचारतो तसा. आणि फीचं? फीचं कळलं की कॉलेजमध्ये हप्ते पाडून मिळतात का, हे यानं विचारलंच नव्हतं. “लाज वाटली,” म्हणाला. “कुणाला विचारायची?” “क्लार्कला.” “क्लार्क कोणंय?” “आहे एक. लई खवीस आहे.” “म्हणजे?”

“अरे, किती वेळा म्हणजे म्हणजे करशील, तोंड आहे का डिक्शनरी?”

तेव्हा सगळे हसले. तोही.

सोमवारी फार्मसीवाली त्याच्याबरोबर कॉलेजला गेली, कारण तिच्या मते खवीस क्लार्कशी बोलायला लॅबमध्ये काम केलेलं माणूस लागतं. तिथं काय झालं ते अजून ठरतंय. अर्ज दिलाय, सही व्हायचीय. शेतीचं तर पुढच्या लागणीला कळेल.

त्या संध्याकाळी पावणेसात झाले तशी मी निघाले. टोमॅटोवाला त्याच्या गाडीवर कोपऱ्यापर्यंत सोडायला आला. पुढं त्याला उसाच्या कडेनं तीन किलोमीटर एकट्यानं जायचं होतं. त्यानं फोन काढला, आवाज फुल केला आणि विचारलं, “काय लावू?”

मी म्हटलं, “बिबट्याची फर्माईश काय आहे?”

“त्याला बतावणी आवडते म्हणं,” तो म्हणाला, आणि एमपीएससीवाल्याला फोन लावून स्पीकरवर टाकला.